चरणदास चोर (चित्रपट)

चरणदास चोर : भुरट्या चोराला नायक करणारा हिंदी-छत्तीसगढी कृष्णधवल चित्रपट (१९७५). दिग्दर्शक श्याम बेनेगल, निर्मिती भारतीय बालचित्रपट संस्थेची, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे. पटकथा हबीब तन्वीर आणि शमा झैदी यांची असून ती तन्वीरांच्या त्याच नावाच्या नाटकाशी निगडित आहे. प्रमुख भूमिकांत लालूराम, मदनलाल, ठाकूरराम, फिदाबाई, मालाबाई हे ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याचे कलावंत. त्यांच्या जोडीला साधू मेहेर, स्वतः तन्वीर आणि स्मिता पाटील. स्मिता पाटील यांचा हा पहिला कथापट.

गुन्हेगारी चित्रपटात चोर हा सहसा टोळीचा, शहराचा, अंधाऱ्या गल्लीचा असतो. चरणदास उन्हातला, शेतबांधावरचा, धोब्याच्या गाढवामागून चालणारा चोर आहे. त्याच्याजवळ शस्त्र नाही, टोळी नाही. ताट, धान्य, हाताला लागेल ती चीजवस्तू उचलणे हा त्याचा धंदा. पोलिसांच्या भाषेत ज्याची नोंद ‘भुरट्या चोऱ्या’ या सदरात होईल, असा हा माणूस कथेच्या अखेरीस सिंहासनापुढे उभा राहतो आणि सिंहासनालाच अडचणीत आणतो.

कथेचा गाभा राजस्थानी लोककथेत आहे. जोधपूरजवळच्या बोरुंदा गावी राहून विजयदान देथा यांनी मौखिक कथा नव्याने लिहिल्या; त्यांच्याकडून ही गोष्ट तन्वीरांकडे आली. शिपायापासून पळणारा चोर एका गुरूच्या आश्रयाला जातो. गुरू दारुड्याला दारू, जुगाऱ्याला जुगार सोडायला लावतो आहे. चोराला तो चोरी सोडायला सांगतो, पण तोच त्याचा पोटाचा उद्योग. तो कसा सुटेल? त्याऐवजी चोर थट्टेथट्टेत चार शपथा घेतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, आपल्या सन्मानाच्या मिरवणुकीत हत्तीवर बसणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, कुठल्या देशाचा राजा होणार नाही. हे सारे आपल्या वाट्याला येणारच नाही याची त्याला खात्री असते. गुरू पाचवी शपथ गळ्यात घालतो : खोटे बोलायचे नाही. पुढे एकेक करून चारही अशक्य गोष्टी त्याच्या दारात येऊन उभ्या राहतात, आणि त्याने थट्टेत दिलेला शब्द त्याला खऱ्याने पाळावा लागतो.

नाटकातील दोन प्रसंग या कथेचे मर्म दाखवतात. दुष्काळात कोठार भरलेले असूनही मालगुजार (जमीनदार) उपाशी शेतकऱ्याला मूठभर तांदूळ देत नाही; चरणदास नाचणाऱ्यांच्या मेळ्याच्या आडून तेच कोठार रिकामे करतो आणि धान्य वाटून टाकतो. दुसरा प्रसंग राजखजिन्याचा. चरणदास तिथून पाच मोहरा उचलतो. गायब मात्र दहा झालेल्या असतात. उरलेल्या पाच खजिन्याच्या मुनिमाने त्याच्या चोरीच्या आडोशाने खिशात घातल्या आहेत. विचारणा होते तेव्हा चोर आपल्या पाच मोहरा कबूल करतो, कारण खोटे बोलता येत नाही, आणि त्या एका कबुलीने प्रामाणिक समजला जाणारा माणूस उघडा पडतो. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण मराठीत अन्यायाचे वर्णन करण्यासाठी वापरतात. इथे चोर आणि संन्यासी एकाच देहात आहेत, आणि म्हणूनच फाशीचा प्रश्न कोणालाच सोपा राहत नाही. राणी त्याच्यावर लोभावते, लग्नाची मागणी घालते. तो नकार देतो. निदान ही मागणी कोणाला सांगू नकोस, एवढे ती मागते, पण कोणी विचारले तर तो खोटे कसे बोलणार? नाटकात या सत्याची किंमत तो जिवाने मोजतो.

चित्रपट मुलांसाठी असल्याने त्यात चरणदासाला बुद्धू नावाच्या धोब्याची सोबत मिळते आणि दोघांच्या फजितीला मोठी जागा आहे. लालूरामांचा चरणदास आणि मदनलालांचा बुद्धू ही जोडी या चित्रपटाची खरी मिळकत म्हणावी लागेल. दोघेही शिकवून तयार केलेले नट नव्हते. रात्र रात्र गावच्या चौकात उभे राहून प्रेक्षकाच्या तोंडावर संवाद रचणारे हे लोक. कॅमेऱ्यासमोर त्यांनी आपली शहरी आवृत्ती काढली नाही, आणि बेनेगलांनी ती काढायला लावली नाही. चालण्याची लय, मान वळवून केलेली कोटी, न बोलता उभे राहण्यातला बेरकीपणा हे सारे नाचातून आलेले आहे. भुरट्या चोराची भूमिका करणाऱ्याला गाव कसे चालते, कोण कोणाच्या दारी हात पसरते, धान्याचे कोठार कुठे असते हे अंगाने ठाऊक असावे लागते. या दोघांना ते ठाऊक होते.

नाचा हा छत्तीसगढचा लोकनाट्यप्रकार मराठी वाचकाला दूरचा नाही. त्यातील विनोदी प्रहसनाला ‘गम्मत’ म्हणतात. विदर्भाच्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत, ‘खडी गंमत’ चालते. नाचाच्या जुन्या रूपाला ‘खडे साज’ म्हणत, कारण वादक कमरेला वाद्य बांधून उभ्यानेच वाजवत. दोन्हीकडे स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषांनी केल्या. नाचातील विदूषक ‘जोक्कड’ आणि नाचणारी ‘परी’ यांना आपल्या तमाशातील सोंगाड्या आणि नाच्या चटकन ओळखतील. नागपूरच्या भोसल्यांच्या अमलात मराठा सैनिकांच्या करमणुकीतून गम्मत छत्तीसगढात रुजली, असे काही अभ्यासक मानतात. ते पूर्ण मान्य केले नाही तरी राजनांदगाव आणि गोंदियाच्या मधल्या सीमेवर हे दोन खेळ एकमेकांकडे पाहतच वाढले, हे स्वीकारायला अडचण नाही.

तन्वीर (१९२३–२००९) रायपूरचे. शालेय शिक्षण तिथल्या लॉरी म्युनिसिपल हायस्कुलात, पदवी १९४४ साली नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. तेव्हा रायपूर मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर. पुढे मुंबई, ‘इप्टा’ ही नाट्यसंघटना, ‘आग्रा बाजार’ हे नाटक (१९५४), लंडन, बर्लिन असा प्रवास करून ते १९५८ साली आपल्या मुलखात परतले आणि एका रात्री नाचा पाहिला. त्यातले काही कलावंत त्यांनी दिल्लीला ‘मिट्टी की गाडी’ या नाटकासाठी नेले. रंगकर्मी मोनिका मिश्र यांच्यासह १९५९ मध्ये ‘नया थिएटर’ उभे राहिले. त्या काळात त्यांनी एक चूकही केली, आणि ती त्यांनीच पुढे मोकळेपणाने मान्य केली : या नटांना हिंदी बोलायला लावले आणि रंगमंचावरच्या हालचाली आखून दिल्या. खुल्या चौकात सिंहासारखे वावरणारे नट आखीव जागेत अवघडले. १९७३ साली रायपुरात घेतलेल्या महिनाभराच्या नाचा कार्यशाळेनंतर तन्वीरांनी त्यांची भाषा त्यांना परत दिली. तिथून ‘गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद’ आले, आणि लगेच पुढे चोराची गोष्ट. तिचे आरंभीचे लहान, नटांनी उत्स्फूर्त रचलेले रूप भिलाईच्या कार्यशाळेत उभे राहिले. चित्रपटाला जो मोकळेपणा लाभला त्याचे मूळ या दुरुस्तीत आहे. दहा वर्षे आधी हीच माणसे कॅमेऱ्यासमोर आली असती तर ती अवघडलेलीच दिसली असती.

बेनेगल इथे पोहोचले ते दूरचित्रवाणीच्या वाटेने. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. तत्कालीन मध्य प्रदेशातील त्याची खेडी छत्तीसगढच्या पट्ट्यातील होती. या प्रयोगासाठी बेनेगलांनी मुलांसाठी चित्रफिती केल्या, आणि त्या निमित्ताने त्यांचा खेड्यांतील मुलांशी आणि लोककलावंतांशी संबंध आला. चित्रपट त्या ओळखीचे फळ आहे. रायपूरला पुढे दूरदर्शन केंद्र आले; ते शंकर नगरात आहे. आज शंकर नगर म्हटले की बंगले, कार्यालये आणि वाहती सडक आठवते. पण खेड्यातल्या अंगणात पडदा नेऊन लोकांनाच लोकांची गोष्ट दाखवण्याचा जो खटाटोप सत्तरच्या दशकात या प्रदेशात झाला, त्याचा शहरातला वारसा या वस्तीत आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात नाटके पाहत मोठ्या झालेल्या रायपूरच्या मराठी कुटुंबांनाही या चोराचे नाव नव्याने सांगावे लागत नाही.

स्मिता पाटील (१९५५–१९८६) तेव्हा मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत. त्याआधी अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ (१९७४) या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील पदविका-चित्रपटात त्यांनी काम केले होते. ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांच्या ओळखीतून बेनेगल त्यांच्यापर्यंत पोहोचले. ‘निशांत’मध्ये मोठी भूमिका देण्याआधी त्यांना या बालचित्रपटात घेऊन पाहावे, असा बेनेगलांचा हेतू होता. राजवाड्यातील सत्ताधारी तरुणीची ही भूमिका लांबीने मोठी नाही. पण तिच्यातला पेच अवघड आहे : हुकूम सोडण्याची सवय असलेल्या बाईला पहिल्यांदाच कोणी ‘नाही’ म्हणतो, तेही एक चोर. नाचातील पुरुषी, खुल्या गळ्याच्या अभिनयासमोर स्मितांचा संयत चेहरा ठेवल्यामुळे राजवाडा आणि गाव यांतले अंतर संवादाशिवाय कळते. त्याच १९७५ साली ‘निशांत’, मग ‘मंथन’ (१९७६), आणि हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेला ‘भूमिका’ (१९७७) असा त्यांचा पुढचा रस्ता सर्वांना माहीत आहे. तो रस्ता सुरू झाला तो नाचाच्या कलावंतांच्या संगतीत, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत एका ओळीत उरकली जाते. ती अधिक जागेची मानकरी आहे.

बेनेगलांच्या ‘अंकुर’ (१९७४) आणि ‘निशांत’मधील जमीनदार ज्या गावात राहतो, तेच गाव इथेही आहे. दोन्ही चित्रपटांना संवाद लिहिणारे सत्यदेव दुबे बिलासपूरचे, म्हणजे याच मातीतले. फरक दृष्टीचा आहे. तिथे अन्याय छातीवर बसतो. इथे त्याला वळसा घालून पळणारा माणूस आहे आणि मुले हसत त्याच्या मागे धावतात. बालचित्रपट म्हणून त्याला दुय्यम मानले गेले, आणि बेनेगलांच्या कामाची चर्चा होताना तो वगळला गेला. ही उपेक्षा अन्यायाची आहे. लोककलावंतांना पार्श्वभूमीला न ठेवता अख्खा चित्रपट त्यांच्या खांद्यावर देण्याचे धाडस तेव्हाच्या हिंदी समांतर चित्रपटात फार थोड्यांनी केले.

नाटकाचे भाग्य निराळे. ते पूर्ण लांबीचे होऊन देशभर फिरले आणि १९८२ साली एडिनबरो महोत्सवात ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्काराचे मानकरी ठरले. राणीच्या भूमिकेत फिदाबाईंनी आणि नंतरच्या काळात चरणदासाच्या भूमिकेत गोविंदराम निर्मलकर यांनी ते गाजवले. त्यातील गाण्यांचा ठेका सतनामी समाजाच्या पंथी नृत्याचा. सत्य हेच नाम मानणाऱ्या गुरू घासीदासांची (जन्म १७५६) शिकवण आणि खोटे न बोलणारा चोर यांची गाठ तन्वीरांनी विचारपूर्वक घातली होती. परंतु ८ जून २००९ रोजी तन्वीरांचे भोपाळमध्ये निधन झाल्यावर दोनच महिन्यांत, सतनामी समाजातील काहींनी आक्षेप घेतल्यामुळे, छत्तीसगढ शासनाने नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. तीस वर्षांहून अधिक काळ सतनामी कलावंतांसह उघड्या मैदानात खेळले गेलेले हे नाटक. देशभरातील नाट्यकर्मींनी निषेध केला. त्याच २००९ साली गोविंदराम निर्मलकर यांना पद्मश्री मिळाली होती.

मराठीत भुरट्या फसवणुकीचा असाच आडवाटेचा चित्रपट म्हणून संदीप मोदी यांचा ‘चुंबक’ (प्रदर्शन २०१८) लक्षात येतो. साताऱ्याला उसाच्या रसाचे दुकान काढण्याचे स्वप्न पाहणारा मुंबईतला पोऱ्या मोबाइलवरच्या खोट्या बक्षिसाचे जाळे टाकतो, आणि त्यात सापडतो एक निष्पाप, मंदबुद्धी मनुष्य. ही भूमिका इंदूरच्या मराठी घरातील स्वानंद किरकिरे यांनी केली आणि तिला सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथे चोराच्या समोर खरेपणा उभा राहतो आणि चोर विरघळू लागतो. चरणदासाच्या गोष्टीत खरेपणा चोराच्याच पोटात आहे, आणि विरघळायची पाळी बाकीच्यांवर येते.