सांत घटक पद्धती : असंपीड्य द्रायुप्रवाह व चौकोनी जाळी

ज्या द्रायूची (द्रवाची वा वायूची) घनता प्रवाहात बदलत नाही, त्याच्या गतीची समीकरणे प्रवाहक्षेत्राचे लहान घटकांत विभाजन करून अंकीय रीतीने सोडविण्याची पद्धती. प्रस्तुत नोंदीत चौकोनी घटकांच्या संदर्भात या पद्धतीच्या विकासाचा आढावा घेतला आहे.

श्यानतारहित (आंतरिक घर्षण नसलेल्या) द्रायूच्या गतीची समीकरणे लेनर्ड ऑयलर यांनी १७५७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत श्यानतेचा अंतर्भाव नाव्ह्ये यांनी १८२२ मध्ये व स्टोक्स यांनी १८४५ मध्ये केला. असंपीड्य प्रवाहात कोणत्याही स्थिर भागात जितका द्रायू शिरतो, तितकाच बाहेर पडावा लागतो. दाब कालानुसार कसा बदलतो हे सांगणारे स्वतंत्र समीकरण येथे नसते. ही अट पाळली जाईल असाच दाब शोधावा लागतो. पुढील अडचणींचे मूळ यातच आहे.

त्रिकोणांत विभागलेल्या क्षेत्रावर आसन्न उत्तर काढण्याची कल्पना रिखार्ट कूरांट यांनी १९४३ मध्ये मांडली. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप यांनी १९५६ मध्ये विमानाच्या सांगाड्याच्या विश्लेषणासाठी अशाच रीतीचा वापर केला आणि क्लफ यांनी १९६० मध्ये तिला आजचे नाव दिले. एका प्रमाणभूत चौरसाचे हव्या त्या आकाराच्या चौकोनात रूपांतर करण्याची रीत टेग व आयर्न्झ यांच्या कार्यातून १९६०–७० या दशकात रूढ झाली. त्यामुळे वाकड्यातिकड्या सीमाही चौकोनांनी व्यापता येऊ लागल्या.

द्रायुप्रवाहासाठी सर्वांत सोपा चौकोनी घटक म्हणजे चार कोपऱ्यांवर वेग आणि संपूर्ण घटकात एकच दाब. यात वेग पुष्कळदा समाधानकारक येई; दाब मात्र बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एका घरात अधिक, शेजारच्या घरात उणा असा दिसे. प्रत्येक आतील कोपऱ्याभोवती चार घरे असतात. समान चौरसांच्या जाळीत अशा आलटून पालटून येणाऱ्या दाबांची त्या कोपऱ्यावरील प्रेरणा परस्परांना छेदून शून्य होते. त्यामुळे हा खोटा दाब वेगाला जाणवतच नाही. सानी, ग्रेशो, ली व ग्रिफिथ्स यांनी १९८१ मध्ये या दोषाची सविस्तर चिकित्सा केली.

त्याआधीच सिद्धांत तयार झाला होता. बाबुश्का (१९७१) व ब्रेझी (१९७४) यांच्या निकषानुसार दाबाच्या प्रत्येक आकृतिबंधाला प्रतिसाद देणारा वेग उपलब्ध असला पाहिजे आणि जाळी सूक्ष्म करत गेल्यास तो प्रतिसाद क्षीण होता कामा नये. ओल्गा लदिझेन्स्काया यांचे नावही या निकषाशी जोडले जाते.

या निकषाच्या पूर्तीसाठी दाबाच्या तुलनेत वेगाला अधिक स्वातंत्र्य देणे हा एक मार्ग होय. टेलर व हूड यांनी १९७३ मध्ये आठ बिंदूंच्या चौकोनात वेग द्विघाती ठेवून दाब केवळ कोपऱ्यांवर घेतला. ह्यूझ, फ्रांका व बालेस्ट्रा यांनी १९८६ मध्ये वेग व दाब एकाच घाताचे ठेवून समीकरणांत स्थैर्य देणारी पदे मिळविली. रानाखर व टूरेक यांनी १९९२ मध्ये वेग कोपऱ्यांऐवजी बाजूंशी निगडित केला व घटकातील दाब स्थिरच ठेवला. हार्लो व वेल्श यांनी १९६५ मध्ये सांत अंतर पद्धतीत वेग घराच्या बाजूंवर व दाब मध्यभागी ठेवला होता. त्या रचनेशी या घटकाचे साम्य आहे.

चौकोनाच्या आकाराचा प्रश्न यानंतरही उरला. आठ बिंदूंच्या घटकाची आयतांवर मिळणारी अचूकता वेड्यावाकड्या चौकोनांवर टिकत नाही, नऊ बिंदूंच्या घटकाची टिकते, असे आर्नल्ड, बोफी व फॉक यांनी २००२ मध्ये दाखविले.

नळीच्या भिंतीवरील किंवा पाण्यातील खांबावरील भार ठरविताना दाबाचेच मूल्य लागते. म्हणून वेगाचे चित्र पटण्यासारखे आले, एवढ्यावरून गणित बरोबर ठरत नाही, हा या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष आहे.