विराटचं हॉटेल होता होता राहिलं



अमेरिकेत लाँग बीचच्या किनाऱ्याला 'क्वीन मेरी' ही जुनी प्रवासी आगबोट कायमची उभी आहे. १९३६ साली ती इंग्लंड-न्यूयॉर्क अशी धावू लागली. दुसऱ्या महायुद्धात तिने सैनिकांची ने-आण केली. पुढे लोक विमानाने जाऊ लागले आणि १९६७ मध्ये तिला निवृत्त केलं. लाँग बीच शहराने ती विकत घेतली. आता तिच्यात म्युझियम आहे आणि पूर्वीच्या केबिनींत हॉटेलचे पाहुणे झोपतात.

असंच काहीसं आपल्या महाराष्ट्रात व्हायचं होतं. बोट मात्र प्रवासी नव्हती, नौदलाची विमानवाहू 'विराट' होती. आपल्याकडे तीस वर्षं सेवा करून ६ मार्च २०१७ ला ती निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात तिचं म्युझियम आणि हॉटेल करायचं. खर्च ८५२ कोटी! मी कॉमर्सची, त्यामुळे नजर आधी आकड्यावरच जाते. एवढे पैसे उभे राहिले नाहीत. शेवटी ३८ कोटी ५४ लाखांना ती भंगारात गेली आणि २०२० मध्ये गुजरातेत अलंगला तोडायला नेली.

तिच्याआधी 'विक्रांत'चंही तेच झालं. १९७१ च्या युद्धात गाजलेली ही बोट २००१ पासून मुंबईत म्युझियम होती. २०१२ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद केली आणि २०१४ मध्ये साठ कोटींना विकली.

आपल्या नगरच्या रणगाडा म्युझियममध्ये गेलात तर फरक कळेल. रणगाडा जमिनीवर उभा असतो, रंग देत राहिलं की वर्षानुवर्षं टिकतो. बोटीचा तळ मात्र रात्रंदिवस खाऱ्या पाण्यात. वरून कितीही चकचकीत ठेवली तरी खालून लोखंड गंजतच असतं. घेतानाची किंमत एकदाच मोजायची, पण राखण्याचा खर्च दरवर्षी. क्वीन मेरीही त्यातून सुटलेली नाही. कोरोनात २०२० ला बंद झाली, ती मोठ्या दुरुस्त्या करून २०२३ मध्ये उघडली.

लाँग बीचवाले तो खर्च सोसतात, हे मला कौतुकाचं वाटतं. आपण निदान विक्रांत तरी राखायला हवी होती.

विक्रांतचं थोडं पोलाद २०१६ मध्ये बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलीत वापरलं गेलं. पाठशाळेत द्रव्य आणि पर्याय शिकलो होतो ना, ते आठवलं. द्रव्य तेच, पर्याय बदलला. काल बोट, आज दुचाकी.