अमेरिकेविषयी मोकळेपणाने बोलताना

दर चार वर्षांनी नोव्हेंबर महिना आला की अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची चर्चा मुंबई-पुण्यापुरती मर्यादित राहत नाही. नागपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या, कोळसा खाणी आणि कऱ्हांडला अभयारण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या उमरेडसारख्या तालुक्याच्या गावीही ती रंगते. कुणाचा भाचा तिकडे शिकतो आहे, कुणाची सून नोकरीला आहे. तिथला व्हिसाचा नियम बदलला की इथल्या घरात काळजी शिरते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले, तेव्हा याचा प्रत्यय आलाच.

या चर्चेत बहुधा दोन पक्ष पडतात. एकाला अमेरिका म्हणजे भूलोकीचा स्वर्ग वाटते, तर दुसऱ्याला तिथे कुटुंबव्यवस्थेचा ऱ्हास आणि बंदुकांचा सुळसुळाट यापलीकडे काही दिसत नाही. मराठीत मात्र अमेरिकेविषयी बोलण्याची याहून वेगळी आणि दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. त्या देशाचे कौतुकही करायचे, त्याचे दोषही दाखवायचे आणि हे करताना आपले घर नजरेआड होऊ द्यायचे नाही, अशी ही रीत. तिची ओळख करून घेणे आज उपयोगाचे ठरेल.

फुले यांची अर्पणपत्रिका

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केलेला आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपुष्टात आली ती डिसेंबर १८६५ मध्ये; म्हणजे ही घटना तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. अमेरिकेस कधीही न गेलेल्या फुल्यांनी तिचा अर्थ पुण्यात बसून लावला आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. कौतुक अमेरिकेचे होते. प्रश्न मात्र इथल्या समाजाला विचारलेला होता.

रमाबाईंची तीक्ष्ण नजर

त्यानंतर दहा वर्षांनी, १८८३ साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेस पोहोचल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० पासूनच सुरू होता. या पत्रमैत्रीनेच त्यांना तिकडे हक्काचे घर मिळवून दिले. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या.

रमाबाई पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. ठिकठिकाणी व्याख्याने दिली, शाळा व संस्था पाहिल्या. या अनुभवावरचे त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. राज्यव्यवस्था, शिक्षण, गृहस्थिती, धर्म आणि स्त्रियांची स्थिती अशा विषयांची त्यात पद्धतशीर मांडणी आहे. राजाविना चालणारे राज्य आणि स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या संघटना यांचे रमाबाईंना अतिशय कौतुक होते. परंतु कृष्णवर्णीयांना मिळणारी हीन वागणूक आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांनी लपवला नाही. स्त्रियांच्या पोशाखातील अनिष्ट फॅशनवरही त्यांनी टीका केली. ज्या स्त्रियांच्या प्रगतीने त्या भारावल्या होत्या, त्यांना देशभर मतदानाचा हक्क मिळायला १९२० साल उजाडावे लागले, हेही येथे लक्षात घ्यावे. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले ते बॉस्टनमधील रमाबाई असोसिएशनच्या आर्थिक साहाय्यावर. ज्यांची मदत घेतली त्यांच्याच देशाचे दोष छापून सांगण्याचे धैर्य या विदुषीपाशी होते.

वर्ध्याचे खानखोजे

विदर्भाचा या परंपरेशी थेट संबंध येतो तो डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्यामुळे. १८८४ साली वर्धा येथे जन्मलेले खानखोजे जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. तेथे त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात भारतीय मजुरांमध्ये क्रांतिकार्यही केले. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता.

त्यांनी पाहिलेली अमेरिका स्वागतशील नव्हती. १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे गोऱ्या जमावाने भारतीय मजुरांवर हल्ले करून त्यांना गावातून हुसकावले होते. १९१७ च्या कायद्याने भारतीयांच्या स्थलांतराचा मार्ग जवळपास बंद झाला. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नसल्याने त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निर्णय दिला. खानखोजे यांनी पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून लौकिक मिळवला. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरातच त्यांचे निधन झाले.

कोलंबिया ते दीक्षाभूमी

याच वर्षी, १९१३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. जॉन ड्यूई आणि एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध तिथल्याच चर्चासत्रात वाचला. अमेरिकेचे ऋण त्यांनी मानले, पण तिचे अनुकरण डोळे मिटून केले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी दोन्ही व्यवस्थांची रोखठोक तुलना केली. अमेरिकी अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक असते, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक असते, आणि भारताने उत्तरदायित्वाला प्राधान्य दिले आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

१९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते व विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीत मोठे साम्य असल्याने त्या प्रश्नाचा अभ्यास आपल्यासाठी आवश्यक ठरतो, असा त्याचा आशय होता. ड्यू बॉईस यांनीही आपुलकीने उत्तर पाठवले. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा नाव आणि प्रेरणा अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून आली. दरवर्षी उमरेड परिसरातून जे लोक दीक्षाभूमीवर जातात, त्यांच्या वारशात हा संवादही आहे.

१९६५ नंतरचे मराठी घर

आजच्या मराठी अमेरिकेचा पाया १९६५ च्या स्थलांतर कायद्याने घातला. देशवार वंशाधारित कोटे त्याने रद्द केले आणि भारतीय डॉक्टर-अभियंत्यांना दार उघडले. हा कायदा १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा यांच्याच वातावरणात संमत झाला. कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर उतरून दिलेल्या लढ्याचे फळ आपल्या वाट्यालाही आले, ही गोष्ट आपल्या गप्पांत क्वचितच येते.

पुढे तिथल्या मराठी मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्या पहिल्या पिढीची धडपड, एकटेपणा आणि द्विधा मनःस्थिती अपर्णा वेलणकर यांच्या ‘फॉर हिअर, ऑर टु गो?’ या पुस्तकात मोकळेपणाने व्यक्त झाली आहे. याच समाजातून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ आणि पुन्हा २०२४ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहावर निवडून आले. २०२५ मध्ये त्यांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचा ठराव मांडला.

माणसांबरोबर सामानही जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवर आधारित भेदभावास बंदी घातली. हा प्रस्ताव पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी मांडला होता. कॅलिफोर्नियातील तशाच विधेयकावर मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. भारतीय समाजातही यावर तीव्र मतभेद दिसले. त्यामुळे ‘तिकडचा वर्णद्वेष’ आणि ‘इकडची जात’ हे दोन स्वतंत्र विषय उरलेले नाहीत.

बोलताना काय ध्यानात ठेवावे?

एक साधे उदाहरण घेऊ. अमेरिकेत अध्यक्ष निवडतो तो इलेक्टोरल कॉलेज म्हणजे निर्वाचक मंडळ. त्यात ५३८ सदस्य असतात आणि विजयासाठी २७० लागतात. त्यामुळेच २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २८ लाख मते अधिक मिळूनही त्या पराभूत झाल्या. यावर हसणे सोपे आहे. परंतु आपल्याकडेही १९८४ साली काँग्रेसने लोकसभेच्या ४०० हून अधिक जागा निम्म्यापेक्षा कमी मतांवर जिंकल्या आणि २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या. दोन्ही पद्धतींच्या मागे काही विचार आहे आणि दोन्हींना मर्यादाही आहेत.

रमाबाईंनी आणि बाबासाहेबांनी हेच केले. आधी नीट माहिती घेतली, मग चांगल्याला चांगले व वाईटाला वाईट म्हटले आणि तीच फूटपट्टी स्वतःच्या समाजालाही लावली. परदेशी असलेल्या मुलाचा रविवारी फोन येतो, तेव्हा पगार आणि हवामानानंतर कधी एखादा प्रश्न याही अंगाने विचारून पाहावा. तुझ्या शेजारी कोण राहते, त्यांच्याशी तुझे जाणे-येणे आहे का, आणि तेच लोक उमरेडला आपल्या शेजारी राहिले असते तर आपण गेलो असतो का? उत्तर काहीही आले, तरी अमेरिकेविषयीचे खरे संभाषण तिथून सुरू होईल.