टकटक येते कुठून?

मँचेस्टर, 1908. कूपलंड स्ट्रीटवरच्या प्रयोगशाळेत तुम्ही पाऊल टाकता आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. दिवे मुद्दाम मालवले आहेत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत अर्धा तास नुसतं बसून राहायचं, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा.

समोर झिंक सल्फाइडचा लेप दिलेला छोटा पडदा आहे. रेडियममधून सुटलेला अल्फा कण त्यावर आदळला की क्षणभर ठिणगी चमकते. ती टिपायची, मोजायची, पुढच्या ठिणगीची वाट पाहायची. हान्स गायगर हा जर्मन तरुण हे काम रात्रभर शांतपणे करू शकतो. त्याचे प्रमुख अर्नेस्ट रदरफर्ड मात्र दोन मिनिटांत वैतागून उठतात. तुमची गतही तीच होते. डोळे चुरचुरू लागतात, आणि आत्ता दिसली ती ठिणगी होती की भास, हे सांगता येईनासं होतं.

म्हणून या दोघांनी दुसरी वाट काढली आहे. टेबलावर वीतभर लांबीची पितळी नळी ठेवली आहे. तिच्या मधोमध बारीक तार आहे, आतला वायू विरळ केलेला आहे, आणि तार व नळी यांच्यात हजाराहून जास्त व्होल्टचा दाब आहे. अल्फा कण आत शिरतो आणि वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतो. हे इलेक्ट्रॉन तारेकडे धावत सुटतात. तारेजवळ त्यांचा वेग इतका वाढतो की वाटेत आलेल्या अणूंमधूनही ते इलेक्ट्रॉन फोडून काढतात. ते पुढच्यांना धडकतात, आणि बघता बघता मूळचा नगण्य प्रवाह हजारो पटींनी फुगतो. जोडलेल्या इलेक्ट्रोमीटरची सुई टुणकन हलते. एक कण, एक उडी.

या मोजणीतून दोघांनी हिशेब मांडला आहे: एक ग्रॅम रेडियम दर सेकंदाला सुमारे 3,400 कोटी अल्फा कण फेकतं. आज मानला जाणारा आकडा 3,700 कोटींच्या आसपास आहे. पितळी नळी आणि एक सुई एवढ्या भांडवलावर ते इतक्या जवळ पोचले होते.

आता कान द्या. काही ऐकू येतं? काहीच नाही. टेबलावरची ही नळी म्हणजे जगातला पहिला गायगर काउंटर, आणि तो मुका आहे.

त्याला आवाज कसा मिळाला, हे कळायला ड्रेस्डेनला जायला हवं. साल 1919. महायुद्ध नुकतंच संपलं आहे, आणि युद्धकाळात बिनतारी संदेशांसाठी विकसित झालेले व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर आता प्रयोगशाळांत आले आहेत. भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांच्या टेबलावर लोखंडाचा तुकडा आहे. त्याभोवती तारेचं वेटोळं, वेटोळ्याला अॅम्प्लिफायर, आणि शेवटी कानाला लावायचा रिसीव्हर. तुम्ही चुंबक हळूहळू लोखंडाजवळ नेता. हात संथ सरकतो आहे, पण कानात लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू होते. लोखंड एका लयीत चुंबकित होत नाही. त्यातले बारीक बारीक भाग एकेक करून एकदम दिशा बदलतात, आणि दर वेळी वेटोळ्यात विजेचा झटका उमटतो.

विजेच्या उपकरणांच्या खरखरीचं मूळ इथं हाती लागतं. स्पीकरचा पडदा प्रवाहाच्या तालावर हलतो. प्रवाह संथ चढला-उतरला तर सूर किंवा घरघर ऐकू येते. प्रवाहानं एकदम उडी मारली तर पडदा हिसका खातो आणि आपल्याला ‘टक्’ ऐकू येतं. घरातला जुना रेडिओ आठवून पाहा. आवाजाचं बटण फिरवताना आतल्या पट्टीवर धूळ असेल तर संपर्क तुटतो-जुळतो, आणि खरखर होते. शेजारच्या खोलीत कुणी पंखा बंद केला की बटणात बारीक ठिणगी पडते, तिची लहर रेडिओ पकडतो. पावसाळ्यात दूर कुठे वीज कडाडली की ती मीडियम वेव्हवरही ऐकू येते. कारणं निराळी, पण प्रत्येक वेळी प्रवाहानं कुठेतरी उडी मारलेली असते.

आता कील, 1928. गायगर इथं प्राध्यापक आहेत आणि त्यांचा विद्यार्थी वॉल्थर म्युलर नव्या नळीशी झटतो आहे. ही नळी इतकी संवेदनशील आहे की आत एक इलेक्ट्रॉन सुटला तरी तारेच्या सबंध लांबीवर विद्युतस्राव होतो. अडचण एकच: जवळ किरणोत्सर्गी पदार्थ नसतानाही नळी मध्येच झटके देते. दोष नळीचा असेल, असं तुम्हालाही वाटतं. पण तिच्याभोवती धातूचं जाड कवच चढवलं की झटके कमी होतात. नळी निर्दोष आहे. जमिनीतून, भिंतींतून आणि अवकाशातून येणारा किरणोत्सर्ग सगळीकडेच आहे, आणि ती तो इमानदारीनं नोंदवते आहे.

आजचं हातात मावणारं यंत्र याच नळीचा वारस. आत निऑन किंवा आरगॉन असतो, आणि एकदा सुरू झालेला विद्युतस्राव विझावा म्हणून थोडा हॅलोजन किंवा अल्कोहोलची वाफ. झटका स्पीकरला दिला की टकटक ऐकू येते. ती अनियमित असते, कारण कुठला अणू कधी फुटेल याला वेळापत्रक नाही. मात्र कण दुबळा असो वा जोरकस, झटका सारखाच. नळी कण मोजते, त्यांची ताकद सांगत नाही. शिवाय प्रत्येक झटक्यानंतर सेकंदाचा साधारण दहा हजारावा भाग ती बहिरी असते. किरणोत्सर्ग फारच तीव्र झाला तर नळीला सावरायला उसंत मिळत नाही. मग काही यंत्रांचा आकडा खाली घसरतो, काही तर गप्पच होतात.

शेवटचा मुक्काम चेर्नोबिल, 26 एप्रिल 1986ची पहाट. अणुभट्टीचा स्फोट झालेला आहे, आणि हाताशी असलेल्या मापकांवर आकडा दिसतो ताशी 3.6 रोंटगेन. तो त्या मापकांचा कमाल आकडा आहे. खरी पातळी ठिकठिकाणी त्याच्या हजारो पट आहे, तरी वर कळवला जातो तो 3.6च.

किरणोत्सर्गाला स्वतःचा आवाज नाही; टकटक आपण त्याला दिली आहे. म्हणून असं यंत्र कधी हाती आलंच तर आवाजाकडे नंतर लक्ष द्या, आधी त्याची कमाल मर्यादा वाचा. काटा शेवटच्या आकड्यावर टेकला असेल तर त्याचा अर्थ ‘इतकंच आहे’ असा नसतो, ‘निदान इतकं तरी आहे’ असा असतो.