घरगुती डिकॅल मुद्रण

घरगुती डिकॅल मुद्रण म्हणजे विमाने, जहाजे, रेल्वेगाड्या इत्यादींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींवर लावावयाची चिन्हे, क्रमांक व अक्षरे संगणकावर रेखून घरच्या प्रिंटरने विशेष कागदावर छापण्याची पद्धत होय. प्रतिकृतीच्या संचासोबत कारखान्यात छापलेली डिकॅल येतात. मात्र ती सहसा मोजक्या ठरावीक विमानांचीच असतात. अन्य एखादे विमान करावयाचे असल्यास आणि त्याचे डिकॅल बाजारात नसल्यास ही पद्धत उपयोगी पडते.

रचना

डिकॅलच्या कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर व त्यावर पातळ पापुद्रा असतो. आकृती या पापुद्र्यावर छापली जाते. कागद पाण्यात भिजवला की डिंक सुटतो आणि पापुद्रा आकृतीसह प्रतिकृतीवर सरकवता येतो. छापलेली बाजू वरच राहत असल्याने आकृती उलटी छापावी लागत नाही.

आरेखन

आकृती इंकस्केपसारख्या सदिश आरेखन प्रणालीत काढणे सोयीचे असते, कारण मूळ वस्तूची मापे देऊन ती हव्या प्रमाणात लहान करता येते. ९०० मिमी व्यासाचे वर्तुळ १:७२ प्रमाणात १२.५ मिमी, तर १:४८ प्रमाणात १८.७५ मिमी होते. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवावा लागतो, अन्यथा मापे बदलतात. डिकॅलचा कागद महाग असल्याने आधी साध्या कागदावर छापून तो तुकडा प्रतिकृतीवर ठेवून पाहण्याची प्रथा आहे.

पांढऱ्या रंगाचा प्रश्न

या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे घरगुती प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. त्यात निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशाच शाया असतात. पानावर दिसणारा पांढरा रंग कागदाचा असतो. शिवाय या शाया पारदर्शक असतात. भारतीय हवाई दलाचे केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळचिन्ह पारदर्शक कागदावर छापून करड्या विमानावर लावल्यास मधले कडे करडे दिसते आणि केशरी रंग मळकट होतो. २०१६ पर्यंत गोव्यातील दाबोळी येथून सी हॅरियर विमाने उडवणाऱ्या नौदलाच्या ‘व्हाइट टायगर्स’ या ३०० क्रमांकाच्या तुकडीचा पांढरा वाघ तर अशा प्रकारे छापताच येत नाही.

यावर रूढ उपाय तीन आहेत. पांढऱ्या पापुद्र्याचा कागद वापरून आकृती अगदी कडेने कापता येते; वर्तुळांना हे जमते, बारीक अक्षरांना नाही. दुसरा उपाय म्हणजे पांढऱ्या कागदावर आकृतीभोवती विमानाचाच रंग छापणे, परंतु छापील व प्रत्यक्ष रंग क्वचितच जुळतात. तिसरा, अधिक भरवशाचा उपाय म्हणजे चिन्हाच्या जागी आधी पांढरा रंग देऊन किंवा कोऱ्या पांढऱ्या डिकॅलची चकती लावून त्यावर पारदर्शक डिकॅल बसवणे. जपानच्या आल्प्स कंपनीचे एमडी मालिकेतील प्रिंटर पांढरा व धातूसारखे चमकणारे रंगही छापत. त्यांचे उत्पादन थांबल्यानंतरही हौशी कारागीर ते जपून वापरत राहिले. पांढऱ्या टोनरचे लेझर प्रिंटर आज मिळतात, परंतु घरगुती वापरास ते महाग पडतात.

छपाई व लेपन

इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळते. म्हणून छपाई पूर्ण वाळल्यावर तिच्यावर ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन-तीन हलके फवारे मारतात. पहिलाच फवारा जाड झाल्यास शाई पसरते. लेझरचा टोनर प्लॅस्टिकयुक्त असल्याने पाण्यात टिकतो, मात्र तेथे उष्णता सोसणारा, लेझरसाठीचाच कागद लागतो. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरमध्ये घातल्यास पापुद्रा वितळून यंत्र बिघडू शकते.

कारखान्याच्या डिकॅलमध्ये अनेकदा पापुद्रा आकृतीपुरताच असतो, घरगुती कागदावर तो पानभर असतो. त्यामुळे प्रत्येक चिन्ह कडेलगत कापावे लागते. खडबडीत, चमकहीन रंगावर डिकॅल लावल्यास खाली हवा अडकून पापुद्रा चंदेरी दिसतो. ते टाळण्यासाठी आधी चकचकीत व्हार्निशचा थर देतात. पापुद्रा मऊ करणाऱ्या द्रावणामुळे डिकॅल पत्र्यांच्या सांध्यांत व रिव्हेटांवर नीट बसते. घरगुती पापुद्र्यावर मात्र हे द्रावण आधी टाकाऊ तुकड्यावर तपासावे लागते, कारण तीव्र द्रावणाने व्हार्निश सुरकुतते. शेवटी संपूर्ण प्रतिकृतीवर व्हार्निशचा थर दिल्यावर पापुद्र्याची कड बरीचशी दिसेनाशी होते.