अंगठा लावण्याआधी वाचून दाखवा

राजे-महाराजांचा इतिहास आपण शाळेत शिकलो. आज मी तुम्हाला घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगठ्याचा इतिहास सांगणार आहे. आजीची ठेव, सासूबाईंच्या नावची जमीन, वडिलांची पेन्शन हे सगळं त्या एका अंगठ्यावर टिकतं, नाहीतर जातं. म्हणून हा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा.

फार पूर्वी कागदावर अंगठा लावत नसत. लिहिता न येणारा शेतकरी सावकाराच्या कागदावर नांगराची निशाणी करायचा. बाईची निशाणी म्हणजे बांगडी किंवा काकण. वर काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला माहीत, खाली निशाणी करणाऱ्याला नाही. फसवणुकीचं मूळ तिथंच होतं.

१८५९ साली इंग्रज सरकारनं मुदतीचा कायदा केला. कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, म्हणजे व्याज साठून डोंगर होणार नाही, असा हेतू होता. सावकारांनी त्याचाच उपयोग करून घेतला. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवा रोखा लिहायचा, त्या सगळ्या रकमेवर पुन्हा व्याज लावायचं आणि खाली नांगर काढून घ्यायचा. फेडलेल्या पैशाची पावती नाही, कागदाची नक्कल नाही. बापानं घेतलेलं कर्ज मुलाच्या गळ्यात पडायचं आणि आकडा वाढतच जायचा. त्यात अमेरिकेतलं युद्ध १८६५ साली संपलं, कापसाचा भाव पडला, शेतसारा वाढला आणि सावकारांनी हात आखडता घेतला.

१२ मे १८७५ ला सुप्याला उठाव झाला. हे सुपे बारामतीकडचं, नगरच्या पारनेरमधलं नाही. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले. हाती आलेले कागद जाळले. धान्याची दुकानंही लुटली गेली, काही घरं पेटली. पण रोख होता तो कागदावर. न वाचता केलेल्या निशाणीनं आपल्याला बांधलं, हे त्यांना कळलं होतं. हे लोण आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातही पोचलं. तीसच्या वर गावांत असे प्रकार झाले.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी होता. त्यात तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, शेतकऱ्याचा कागद ग्राम-निबंधकासमोर व्हायचा आणि सही करणाऱ्याला मजकूर समजलाय याची खात्री त्यानं करायची. दुसरी, पैसे भरले की लेखी पावती मागायचा हक्क. तिसरी, वर्षाला हिशेबाचा उतारा आणि मागितलं तर पासबुक. आपण गटाच्या बैठकीत पासबुक पुढं करतो आणि नोंद झाली का ते बघतो. तो हक्क त्या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला असा मिळाला.

पण लबाडीनं पुन्हा वाट काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेतलं जाऊ लागलं, आणि "पैसे फेडलेस की जमीन परत देतो" ही बोली तोंडीच राहिली. तोंडी बोली कोर्टात शाबीत करणं अवघड. ही चाल आजही चालते. म्हणून तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात अशी गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायची सोय ठेवली आहे.

आता बाईच्या अंगठ्याकडे येऊ. १९३७ च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा दिला, पण फक्त ती जिवंत असेपर्यंत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं तिला पूर्ण मालकीण केलं. महाराष्ट्रानं १९९४ ला आणि देशानं २००५ ला मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क दिला. हक्क आला तसा तिच्या अंगठ्याला भाव आला. पूर्वी जिला कुणी विचारत नव्हतं, तिला आता गाडीत बसवून रजिस्ट्रीला नेतात. "आत्या, एक सही लागते" म्हणतात आणि हक्कसोडपत्र होऊन जातं. हक्क सोडणं हा गुन्हा नाही. भावासाठी आनंदानं सोडणाऱ्या बहिणी आहेत. पण काय सोडतोय हे माहीत असून सोडावं.

न्यायालयांनीही हे ओळखलं. पडद्यात राहणाऱ्या स्त्रीनं केलेल्या कागदाबद्दल इंग्रजांच्या काळापासून नियम आहे. तिला मजकूर समजला होता, हे ज्याचा फायदा झाला त्यानं शाबीत करायचं. स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं तो नियम कायम ठेवला. निरक्षर आणि वृद्ध स्त्रियांनाही न्यायालयं हे संरक्षण देत आली आहेत.

मग २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आला. साठी ओलांडलेल्या आई-बापाला मुलं सांभाळत नसतील तर प्रांताकडे अर्ज करता येतो, दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. त्यातलं कलम २३ लक्षात ठेवा. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि पुढं सांभाळलं नाही, तर ते रद्द करता येतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं की हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचावा. तरी आपण कशाला धोका घ्या? "मला शेवटपर्यंत सांभाळायचं" हे वाक्य बक्षीसपत्रातच लिहून घ्यावं. १८७९ नंतरच्या शेतकऱ्याची तोंडी बोली बुडाली, ते आठवा.

त्याहून सोपा मार्ग मृत्युपत्राचा. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार लागतात. वाटा मिळणाऱ्याला साक्षीदार न केलेलं बरं. नोंदणी सक्तीची नाही, पण केली तर भांडण कमी होतं. मुख्य म्हणजे आपण जिवंत असेपर्यंत जमीन आपलीच राहते आणि मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं.

पासबुक असलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवी २०२३ पासून अडकल्या तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पासबुक होतंच. गुन्हे दाखल झाले, तपास चालू झाला, पण हातात पैसे येईनात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. सासूबाई ठेव ठेवायला निघाल्या की हा एक प्रश्न विचारा. जास्त व्याजापायी सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका.

आणि आजचा नवा अंगठा म्हणजे ओटीपी. पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. फोनवर अटक करायचा कायदा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा.

दीडशे वर्षांत कायदे पुष्कळ झाले. पण आजी कागदाशी बसते तेव्हा कायदा शेजारी नसतो, आपण असतो. आपली आजी "अंगठा कुठं लावू?" एवढंच विचारते. "काय लिहिलंय?" हे विचारायची सवय तिला आपणच लावायची. कागद मोठ्यानं वाचून घ्या, कोऱ्या कागदावर सही नाही, नक्कल घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि तिच्या बाजूचं एक माणूस बरोबर हवं. फसवणारा पुष्कळदा घरातलाच असतो. म्हणून हा नियम सगळ्यांना सारखा ठेवा, मुलालाही आणि जावयालाही. मग कुणाला राग यायचं कारण नाही.

सल्ला हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर १५१०० आहे. स्त्रीला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे. हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.