मल्टिबूट संगणकातून जुनी ऑपरेटिंग सिस्टीम कशी काढावी?

एकाच संगणकावर दोन किंवा अधिक ऑपरेटिंग सिस्टीम असतील तर त्याला मल्टिबूट संगणक म्हणतात. त्यातली जुनी सिस्टीम नकोशी झाली की बरेच जण सरळ तिचे पार्टिशन पुसून टाकतात. घोटाळा इथेच होतो, कारण संगणक सुरू करून देणाऱ्या फाइली कधी कधी त्याच पार्टिशनमध्ये असतात.

बायोसवर चालणाऱ्या जुन्या संगणकात आधी विंडोज ७ आणि नंतर दुसऱ्या पार्टिशनवर विंडोज १० टाकली असेल, तर नव्या विंडोजच्या बूट फाइलीही आधीच्या 'ॲक्टिव्ह' पार्टिशनमध्येच जातात. हे डिस्क मॅनेजमेंटमध्ये तपासता येते. तिथली नावे मात्र उलटी वाटतात: बूट फाइली ज्यात आहेत ते 'सिस्टीम' आणि चालू विंडोज ज्यात आहे ते 'बूट'. जुन्या पार्टिशनवर 'सिस्टीम' लिहिलेले दिसले तर आधी बीसीडीबूट या कमांडने बूट फाइली नव्या पार्टिशनवर घ्याव्यात, ते ॲक्टिव्ह करावे (त्यासाठी ते प्रायमरी असावे लागते), संगणक पुन्हा सुरू करून पाहावा आणि मगच जुने पुसावे. एमएसकॉन्फिगमधून जुनी नोंद 'डिलीट' केल्यास फक्त मेनूतले नाव जाते. फाइली जागच्या जागी राहतात.

विंडोजशेजारची उबुंटू काढताना अडचण ग्रब या बूटलोडरची असते. लिनक्सचे पार्टिशन आधी पुसले तर ग्रबला त्याच्या फाइली सापडत नाहीत आणि काळ्या पडद्यावर नुसता प्रॉम्प्ट उरतो. यूईएफआय संगणकात म्हणून आधी सेटिंगमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणावा. ईएफआय पार्टिशनमध्ये उबुंटूचे छोटे फोल्डर मागे राहते. त्याचा त्रास नसतो. ते घालवण्यासाठी आख्खे ईएफआय पार्टिशन फॉरमॅट केले, तर विंडोजही सुरू होणार नाही.

बिटलॉकर चालू असेल तर बूटचा क्रम बदलल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची ती या सगळ्याच्या आधी. जुन्या सिस्टीमच्या डेस्कटॉपवरच्या फाइली हमखास विसरल्या जातात.

मोकळी झालेली जागा 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'ने विंडोजला जोडता येते, पण ती त्या पार्टिशनच्या लगेच उजवीकडे असेल तरच. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आले असेल तर त्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करणे सोपे.